खुडूक कोंबडीची बाजू

परभणीहून जिंतूरकडे जाताना लागणाऱ्या बोरीत काय, किंवा मराठवाड्यातल्या कुठल्याही गावात काय, घरच्या कोंबडीवर चार आरोप पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. एक, ती रोज अंडं देत नाही. दोन, देते ते आपण दाखवलेल्या जागी देत नाही. कडब्याच्या गंजीत, बाजेखालच्या पोत्यावर, नाहीतर थेट शेजाऱ्याच्या गोठ्यात देते. तीन, अंडं दिलं की सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा कालवा करते. आणि चार, हा सगळ्यांत गंभीर: चांगली ओळीनं अंडी देत असताना एके दिवशी अंग फुगवून, डोळे तारवटून खुडूक बसते आणि मग महिना-दोन महिने अंड्याचं नाव काढत नाही. आरोपपत्र लांबलचक आहे. पण आरोप करणाऱ्याला एक साधा प्रश्न विचारून पाहावा की, बाबा, तिला दाणा किती घालतोस? उत्तर ठरलेलं असतं: दाणा कशाला, ती फिरून खाते ना! म्हणजे खर्च शून्य आणि अपेक्षा रोज एका अंड्याची. अलीकडे या जुन्या फिर्यादींमध्ये एका नव्या फिर्यादीची भर पडली आहे. तो शिकलेला असतो, त्याला रसायनं नकोत, पिंजरा नको, कोंबडी अगदी निसर्गातल्यासारखी वाढायला हवी असते. फक्त तिनं वर्षाला तीनशे अंडी द्यावीत, एवढी एक अनैसर्गिक गोष्ट त्याला चालते. माझं म्हणणं असं की हे चारही दोष म्हणजे गावरान कोंबडीचं कामच आहे. ते काढून टाकले तर उरेल ती कोंबडी परसात जगणारी नसेल, आणि फुकटात पाळता येणारी तर नसेलच.

पहिला आरोप घेऊ. कोंबडीच्या अंडाशयातून पिवळा बलक सुटल्यापासून कवचबंद अंडं बाहेर पडेपर्यंत चोवीस ते सव्वीस तास जातात. बलकावर पांढरं चढायला तीनेक तास, आतला पातळ पडदा चढायला तास-सव्वा तास, आणि उरलेले जवळजवळ वीस तास नुसतं कवच घडवण्यात. एक अंडं बाहेर पडलं की अर्ध्या-पाऊण तासात पुढचा बलक सुटतो. हिशेब इथेच फसतो, कारण दिवस चोवीस तासांचाच आहे. त्यामुळे आज सकाळी आठला आलेलं अंडं उद्या नऊ-दहाला येतं, परवा आणखी उशिरा. बलक सोडण्याचा हुकूम देणारं संप्रेरक फक्त रात्रीच्या ठरावीक तासांतच उसळी घेतं. अंड्याची वेळ सरकत सरकत दुपार कलायला लागली की त्या दिवशीचा हुकूम हुकतो, एक दिवस कोरा जातो आणि मग पुन्हा सकाळपासून सुरुवात. परभणी–जिंतूर रस्त्यावर एसटीची वाट पाहिलेल्या माणसाला हे गणित फोड करून सांगायची गरज नाही: आठची गाडी उद्या नऊला, परवा साडेदहाला आणि तेरवा फेरीच रद्द. फरक इतकाच की कोंबडीच्या फेरी रद्द होण्याचं कारण शास्त्रज्ञांना सापडलेलं आहे. निवडून निवडून तयार केलेल्या पोल्ट्रीतल्या जातींमध्ये हा खंड क्वचित पडतो, गावरान कोंबडीत लवकर लवकर पडतो. पण खंड पाडणं हा आळस नव्हे. आणि गावातल्या बायकांना ही गोष्ट शास्त्रज्ञांच्या आधीपासून अर्धीअधिक ठाऊक आहे. सकाळी डालं उचलताना कोंबडीचा माग बोटानं चाचपून ‘ही आज देणार, हिला सोडू नका’ असं त्या सांगतात ते काही अंतर्ज्ञान नव्हे. कवच रात्रभरात घडून झालेलं असतं, ते हाताला लागतं.

दांडीचं दुसरं कारण उजेड. कोंबडी दिवसाची लांबी डोळ्यांनी मोजत नाही. कवटीतून झिरपून मेंदूच्या तळाशी पोचणाऱ्या उजेडानं मोजते. म्हणून आंधळ्या कोंबडीलाही ऋतू कळतो. दिवस वाढू लागला की अंडाशय जागं होतं, आखडू लागला की ते आवरतं घेतं आणि कोंबडी पिसं टाकायला लागते. पीस म्हणजे बहुतांश प्रथिनच. ते नवं उगवायचं असेल तर त्या काळात अंडं परवडत नाही. मोठ्या पोल्ट्रीत यावर तोडगा म्हणून रोज सोळा तास उजेड ठेवतात. आपल्या अक्षांशाला जूनचा सगळ्यांत मोठा दिवससुद्धा सव्वातेरा तासांच्या आसपास असतो आणि डिसेंबरातला अकराच्या. तेव्हा हिशेबी माणूस म्हणतो, खुराड्यात एक बल्ब लावला की झालं! विचार चुकीचा नाही, पण त्यात महावितरण धरलेलं नाही. कोंबडीला उजेड जास्त मिळण्यापेक्षा तो एकाएकी कमी होणं फार लागतं. तीन आठवडे रात्री आठपर्यंत बल्ब, चौथ्या आठवड्यात रोज सहालाच लाइन गेली, तर तिच्या मेंदूपर्यंत बातमी एकच पोचते: हिवाळा लागला, दुकान बंद करा. अंडी वाढवायला लावलेला दिवा पिसं गळायला कारण होतो. शिवाय उजेड नुसता हुकूम देतो, माल देत नाही. जादा अंड्याचं कवच आणि प्रथिन कुठून आणायचं हा प्रश्न कोंबडीच्याच माथी राहतो, आणि दाणा न घालणाऱ्याच्या घरी ती ते स्वतःच्या हाडांतून काढते.

उजेडाचा विषय निघालाच आहे तर कोंबड्याची बाजूही मांडून टाकू. कोंबडं झाकलं तरी उजाडायचं राहत नाही, हे आपण राजकारण्यांना उद्देशून इतक्यांदा म्हटलं आहे की त्यातल्या कोंबड्याचं काय होतं याची चौकशीच कुणी केली नाही. ती जपानातल्या नागोया विद्यापीठात झाली. २०१३ साली तिथल्या संशोधकांनी कोंबडे सतत मंद उजेडात ठेवले, तरी ते पहाटेच्या सुमारास आरवतच राहिले. घड्याळ बाहेर नव्हतं, आतच होतं. म्हणजे झाकलं तरी उजाडतं हे खरंच, पण झाकलेलं कोंबडंही वेळेवर आरवतं. पुढे २०१५ मध्ये त्यांनी असंही दाखवलं की कळपात आधी आरवायचा मान सगळ्यांत वरच्या कोंबड्याचा. बाकीचे आपापल्या पायरीनं मागून आरवतात. ग्रामसभेत भाषणांचा क्रम कसा लागतो हे पाहिलेल्यांना यात नवल वाटायचं कारण नाही. आणि जाता जाता: अंड्यासाठी कोंबडा लागतच नाही. तो पिलांसाठी लागतो. कोंबडा विकून टाकल्यावर कोंबडी अंडी देईनाशी झाली असं सांगणाऱ्यानं बहुधा तो विकला ते दिवस आणि कोंबडीनं पिसं टाकली ते दिवस एकच धरलेले असतात.

आता जागेचा आरोप. आपण खुराड्यात छान गवत घालतो, कोंबडी ते हुंगूनही पाहत नाही आणि गंजीत जाऊन बसते. यात हट्ट नाही. अंडं द्यायच्या तास-दीड तास आधीपासून कोंबडी अस्वस्थ होते, वेगळ्याच लांबट सुरात कुरकुरते, जागा पाहत फिरते, एका कोपऱ्यात शिरून बाहेर येते, पुन्हा शिरते, बसून छातीनं खळगा करते. हा सगळा सोहळा आदल्या दिवशी बलक सुटला तेव्हाच ठरलेला असतो. बलक सुटल्यावर अंडाशयात उरलेली रिकामी पिशवीच दुसऱ्या दिवशी तिला जागा शोधायला धाडते. प्रयोगात ती पिशवी काढून टाकली तर कोंबडी जागा शोधतच नाही, उभ्या उभ्या कुठेही अंडं टाकते. म्हणजे आडोसा ही तिची गरज आहे, चैन नव्हे. युरोपीय संघानं नुसत्या तारेच्या उघड्या पिंजऱ्यांवर १ जानेवारी २०१२ पासून बंदी घातली आणि पिंजरा ठेवायचाच तर त्यात अंड्यासाठी आडोसा आणि बसायला दांडी हवी असा नियम केला, तो याच कारणानं. ब्रुसेल्समध्ये एवढी कागदपत्रं होऊन जे सिद्ध झालं ते बोरीच्या गंजीत रोज दिसतं: अंधार, तीन बाजूंनी बंद, खाली मऊ आणि माणसाच्या पायवाटेपासून दूर. आपलं खुराडं यातल्या कुठल्या परीक्षेत पास होतं ते आधी पाहावं. बहुतेक खुराडी रात्री कोंबड्या डालण्यासाठी बांधलेली असतात, दिवसा निवांत बसण्यासाठी नाही. आत घाण असते, उवा-गोचिडी असतात, आणि दारात कळपातली सगळ्यांत दांडगी कोंबडी उभी असते. कोंबड्यांमध्ये कोण कुणाला टोचणार याची पक्की उतरंड असते हे नॉर्वेच्या थोरलाइफ श्येल्डरुप-एब यांनी १९२१ मध्ये लिहून काढलं. ते लहानपणापासून कोंबड्याच पाहत बसलेले गृहस्थ होते. उतरंडीत तळाला असलेल्या तलंगेला खुराड्यातली जागा मिळत नाही, म्हणून ती शेजाऱ्याकडे जाते. आणि गंमत अशी की चार डाली वेगवेगळी मांडून ठेवली तरी सगळ्या कोंबड्या एकाच डाल्यासाठी रांग लावतात, कारण जिथे आधी अंडं आहे ती जागा सुरक्षित ठरलेली असते. म्हणूनच सगळी अंडी न उचलता एक मागे ठेवायची जुनी पद्धत शहाणपणाची आहे. नुसतं अंड्यासारखं दिसणारं काही ठेवलं तरी चालतं. कोंबडी अंडी मोजण्यात पक्की नाही, ही आपल्या पथ्यावर पडलेली तिची एकमेव उणीव.

शेजाऱ्याच्या गोठ्यातल्या अंड्याचा मालक कोण, हा मात्र प्राणिशास्त्राचा प्रश्न नाही. राज्य सरकारनं १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली तेव्हा बांधाचे, पाण्याचे, भाऊबंदकीचे तंटे डोळ्यांसमोर असणार. पण कोंबडी कुणाची, अंडं कुणाचं आणि वाफ्यातली मेथी कुणी उकरली, हा तंटा समितीपुढे न जाता थेट चुलीपाशी चालतो आणि पिढ्या पुरतो. इथे कोंबडीचा बचाव करता येत नाही. नैसर्गिक पालनाची पुस्तकं तिला मोकळं सोडा म्हणतात. पुस्तक लिहिणाऱ्याला शेजारी नसावा.

तिसरा आरोप ओरडण्याचा. लपून अंडं द्यायचं आणि मग सगळ्या गल्लीला सांगायचं, याला काय म्हणावं? याचं पक्कं उत्तर अजून कुणाकडे नाही, पण सगळ्यांत पटणारा तर्क असा आहे. रानातली कोंबडी अंडं देऊन होईस्तोवर तिचा थवा चरत पुढे गेलेला असतो. ती घरट्यापासून लांब जाते आणि मग ओरडते. कोंबडा दुरून ओ देतो आणि तिला थवा सापडतो. शिवाय मुंगसाचं लक्ष घरट्याकडे न जाता तिच्याकडे जातं. आपल्याकडची कोंबडी नीट पाहिली तर हेच करताना दिसेल: ती अंड्यावर उभी राहून कधी ओरडत नाही, चार पावलं बाजूला येऊन, बऱ्याचदा अंगणाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन ओरडते. म्हणजे अंडं शोधायला आवाजाच्या दिशेनं धावणारा माणूस मुंगसासाठी लावलेल्या सापळ्यात अडकतो. आवाज येतो तिथे अंडं नसतं, एवढी खूण धरून उलट्या दिशेनं शोध घेतला तरी बरंच साधतं.

आणि आता खुडूक. खुडूक कोंबडीवर आपल्याकडे जेवढे उपाय झाले तेवढे माणसांच्या दुखण्यांवरही झाले नसतील: थंड पाण्यात बुचकळणं, पायाला दोरी बांधून उघड्यावर ठेवणं, नाकपुड्यांतून पीस ओवणं. यातले काही निव्वळ छळ आहेत आणि पाण्याच्या उपायाला थोडा आधार आहे, कारण खुडूक कोंबडीचं पोट तापलेलं असतं, ते गार झालं की बसण्याची ओढ सैल पडते. छळच टाळायचा तर तिला तीन-चार दिवस खालून वारा लागणाऱ्या, गवत नसलेल्या जाळीच्या खोक्यात दाणा-पाणी देऊन ठेवलं तरी पुरतं. पण मूळ प्रश्न खुडूक मोडायची का, हा आहे. प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढतं आणि कोंबडी बसते. ते वाढायला पोटाखाली अंड्यांचा स्पर्श कारणीभूत होतो. अंडी साठू दिली की खुडूक लवकर, उचलत राहिलं की उशिरा. बारा-पंधरा अंडी जमेपर्यंत ती त्यांना ऊब देत नाही. अंडी पंधरा दिवसांच्या अवधीत घातलेली, पण ऊब सगळ्यांना एकाच दिवशी सुरू, म्हणून एकविसाव्या दिवशी पिलं बरोबरीनं बाहेर पडतात आणि आईला मागेपुढे करावं लागत नाही. शेवटच्या दिवसांत कवचाआतून पिलं टिकटिक करतात, त्या आवाजानं मागे राहिलेली घाई करतात, आणि बाहेरून कोंबडी त्यांच्याशी बोलते. दिवसातून अनेकदा ती चोचीनं अंडी फिरवते, मधली कडेला आणि कडेची मध्ये नेते. आपण हेच करायला यंत्र विकत घेतो, त्याला तापमापक लावतो, ओलाव्यासाठी पाण्याचं ताट ठेवतो, आणि लाइन गेली की रात्री दोन वाजता त्यावर गोधडी पांघरतो. खुडूक कोंबडीला लाइन लागत नाही.

टोपलीत लोखंडाचा तुकडा किंवा कोळसा ठेवला नाही तर विजेच्या कडकडाटानं अंडी सडतात, असा एक समज आहे. अंडी सडतात हे खरं, पण कडकडाटानं नव्हे. पावसाळ्यात ओलं गवत, बुरशी आणि पाण्यानं धुतलेली अंडी, या तिघांचं ते काम. धुतलं की कवचावरचं नैसर्गिक आवरण जातं आणि जंतूंना वाट मिळते. लोखंडानं अपाय होत नाही; पण लोखंड ठेवायची आठवण राहते आणि गवत बदलायची राहत नाही. उन्हाळ्याचं याउलट. परभणीचा पारा मे महिन्यात बेचाळीसच्या पुढे जातो. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकते. धापांबरोबर रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, कवचाला लागणारा कच्चा माल आटतो आणि अंडी पातळ कवचाची येतात. बसवायला साठवलेली अंडी तर त्या उन्हात कोंबडीशिवायच अर्धवट वाढू लागतात आणि मरतात. जुन्या बायका ती माठाशेजारी ओल्या पोत्यावर ठेवतात. पण मेमध्ये कोंबडी न बसवणं त्याहून सोपं.

इथे हिशेबी माणूस उठतो आणि म्हणतो, हे सगळं कवित्व ठीक आहे, पण आकडे काय सांगतात? आकडे सांगतो. रानकोंबडी वर्षाला दहा-पंधरा अंडी देते. गावरान कोंबडी पन्नास-साठ, फार झालं तर ऐंशी. पोल्ट्रीतली पांढरी कोंबडी तीनशेच्या पुढे. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयानं परसासाठी तयार केलेली वनराजा शंभरच्या वर जाते, ग्रामप्रिया त्याहूनही पुढे. म्हणजे गावरान कोंबडी सपशेल हरली. पण या जाती अंडी वाढवताना खुडूक घालवून बसल्या आहेत, कारण ज्या कोंबडीला बसायची सवय ती पैदाशीत मागे पडत गेली. घरी नुसत्या वनराजाच असतील तर पिलं दर वेळी विकतच आणावी लागतात. पशुसंवर्धन विभागाची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रं आहेत, जवळचं छत्रपती संभाजीनगरला. सरकारी योजनेत पन्नास टक्के अनुदानावर पंचवीस तलंगा आणि तीन नरांचा गटही मिळतो, आणि नर-मादीचं ते प्रमाण शास्त्राला धरूनच आहे. पण मानमोडीची साथ येऊन गट संपला की पुढचा गट पुन्हा अर्ज, पुन्हा यादी. गावरान कोंबडीचा गट संपत आला तर उरलेली एक खुडूक कोंबडी शेजारणीकडून अंडी मागून तो पुन्हा उभा करते. तिची वर्षाकाठी अडीचशे अंडी कमी आहेत हे खरं. त्या बदल्यात उबवणी यंत्र, वीज, पिलांना ऊब देणारा दिवा, घारीपासून राखण आणि उकरायला शिकवणारी मास्तरीण एवढं सगळं एका पोटात मिळतं. पंधरा दिवस अंडी, एकवीस दिवस बसणं, आठ-दहा आठवडे पिलांमागे फिरणं, असा फेरा वर्षातून तीन वेळा. अंड्यांच्या रकान्यात हे बसत नाही, म्हणून कोंबडी तोट्यात दिसते. रकाना बदलला तर दिसणार नाही. मात्र घरात दोन-चार वनराजा अंड्यासाठी आणि एक-दोन गावरान त्यांची पिलं काढायला, अशी तडजोड करणारे लोक आम्हा दोघांपेक्षा शहाणे, हे मान्य केलं पाहिजे.

फुकट खाण्याबद्दल मात्र कोंबडीचं नव्हे, आपलंच चुकतं. कोंबडी माणसाकडे आली तीच मुळी धान्यासाठी. थायलंडमधल्या बान नॉन वाट इथे मिळालेली साडेतीन हजार वर्षांपूर्वीची हाडं हा पाळीव कोंबडीचा आजवरचा सगळ्यांत जुना पक्का पुरावा मानतात, आणि २०२२ मध्ये ते संशोधन मांडणाऱ्यांचा अंदाज असा की भाताच्या कोरडवाहू शेतीनं रानकोंबडीला झाडीतून वस्तीत ओढून आणलं. मराठवाड्यात तिला पोसण्याचं काम ज्वारीनं केलं. खळं, कणगी, पाखडलेल्या सुपाखाली सांडलेला दाणा, कडब्यातली कणसं, उकिरड्यातल्या अळ्या: कोंबडीचं ताट यानं भरायचं. गेल्या काही दशकांत खरिपाची ज्वारी हटली आणि सोयाबीन आलं. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारा घटक असतो, तो भाजल्याशिवाय जात नाही. खळ्यावर सांडलेलं सोयाबीन कोंबडीच्या कामाचं नाही. कपाशी तर तिला दाखवायलाही उपयोगी नाही. विनोद असा की तेच सोयाबीन लातूरकडे जातं, तेल निघून, तापून त्याची पेंड होते आणि ती पोल्ट्रीतल्या कोंबडीच्या खाद्यात पडते. बोरीच्या शेतातलं प्रथिन बोरीच्या कोंबडीला सोडून बाकी सगळ्या कोंबड्यांना मिळतं. तेव्हा ‘ती फिरून खाते’ हे वाक्य आजोबांच्या काळात खरं होतं, आता अर्धंच खरं आहे. एका घराच्या परसाची आणि उकिरड्याची ऐपत पाच-सात, फार तर दहा कोंबड्यांची. त्यापुढे पन्नास सोडल्या तर निसर्ग पुरा पडत नाही, गाव उकरलं जातं. संध्याकाळी डालण्याआधी मूठ-मूठ ज्वारी किंवा मका, आणि कवचासाठी चुन्याची कळी नव्हे, तर शिंपल्यांचा चुरा किंवा भाजून कुटलेली अंड्याचीच टरफलं, एवढं तरी घालावं. एका कवचात दोन ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम जातं. ते उकिरड्यावर इतकं सहज सापडत नाही. आणि पेरणीच्या दिवसांत औषध लावलेलं बियाणं शिवारात उघडं सांडलेलं असताना कोंबड्या कोंडून ठेवणं हे निसर्गाच्या विरुद्ध आहे, पण कोंबडीच्या विरुद्ध नाही.

नैसर्गिक पालनावरचा सगळ्यांत खरा आक्षेप रोगाचा. नैसर्गिक म्हणजे लस नको, असा काही जणांचा ग्रह आहे. मानमोडीला, म्हणजे राणीखेतला, तो मान्य नाही. कुमाऊंच्या राणीखेतवरून नाव पडलेला हा रोग आपल्याकडे १९२० च्या दशकाच्या अखेरीस ओळखला गेला. आला की खुराडं एका आठवड्यात रिकामं करतो. पहिल्या आठवड्यात डोळ्यात लासोटा लसीचा एक थेंब आणि पुढे सहा-आठ आठवड्यांची झाल्यावर टोचायची लस, हा खर्च पाच कोंबड्यांसाठी महाग वाटतो, कारण बाटली शंभर पिलांची असते. गल्लीतल्या दहा घरांनी एक बाटली आणली तर महाग नाही. त्यासाठी मेथीचा तंटा तेवढा मिटला पाहिजे. बर्ड फ्लूचं दुःख वेगळं. जानेवारी २०२१ मध्ये परभणी तालुक्यातल्या मुरुंबा गावात शेकडो कोंबड्या एकाएकी मेल्या, भोपाळच्या प्रयोगशाळेनं बर्ड फ्लू सांगितला आणि एक किलोमीटरच्या परिघातल्या उरलेल्या कोंबड्याही माराव्या लागल्या. तेव्हा गावरान आणि पोल्ट्री असा भेद कुणी केला नाही. मोकळी कोंबडी रानपक्ष्यांच्या पाण्यावर जाते हा धोका खरा आहे आणि तो हसून घालवता येत नाही. उपाय साधे आहेत: पाणी घरी, भांडं रोज धुतलेलं, बाजारातून आणलेली नवी कोंबडी दोन-तीन आठवडे वेगळी, आणि एकाएकी मरायला लागल्या तर त्या कापून न खाता पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवणं. शेवटचा उपाय सर्वांत अवघड, कारण मरणारी कोंबडी वाया घालवायला आपला जीव होत नाही.

उरला शेवटचा आक्षेप: दुकानातलं अंडं स्वस्त आहे, मग हा उपद्व्याप कशाला? स्वस्त आहेच, आणि पोषणातही ते गावरान अंड्यापेक्षा फारसं कमी नाही. ‘गावरान’ म्हटल्यावर बाजारात दुप्पट भाव मिळतो तो चवीला आणि श्रद्धेला मिळतो. पण हा सौदा परवडणारा की नाही हे विचारायचं कुणाला, ते पाहा. २०१९ च्या पशुगणनेत देशातल्या परसातल्या कोंबड्यांची संख्या एकतीस कोटी सत्तर लाखांवर गेली, आधीच्या गणनेपेक्षा सुमारे सेहेचाळीस टक्क्यांनी वाढली. स्वस्त अंडं दुकानात असताना ती वाढली. त्या कोंबड्यांचं डालं रोज कोण उचलतं, पाणी कोण ठेवतं, माग कोण चाचपतं आणि आखाडीला पाहुणे आले की कुठली कोंबडी द्यायची आणि कुठली खुडूक आहे म्हणून द्यायची नाही, हे कोण ठरवतं? घरातली बाई. कापूस विकला, सोयाबीन विकलं, त्याचे पैसे तिच्या हाती येतील याची खात्री नाही. अंड्याचे आणि तलंगेचे येतात, आणि ते कुणी विचारत नाही कारण कुणी ते मोजलेलेच नसतात. म्हणून कोंबडी रोज अंडं देत नाही, नको तिथे देते, असे आरोप करणारा आवाज घरात बहुधा पुरुषाचा असतो. बाईला गंजीतली जागा माहीत असते. तिथली किती अंडी घरात आली आणि किती परस्पर बाजारात गेली, हा हिशेब तिनं कोंबडीच्या नावावर टाकलेला असतो, आणि कोंबडीनं आजवर त्याची वाच्यता केलेली नाही.